सबीहा बाजीविरुद्ध तक्रार

गेल्या उन्हाळ्यातल्या शर्यतीत पहिली आलेली होडी बाद झाली. मग दुसरी झाली. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या होडीनं एकमेकींविरुद्ध तक्रारी केल्या होत्या. त्या सगळ्या खऱ्या निघाल्या आणि त्या तिन्ही होड्याही बाद झाल्या. शेवटी कप मिळाला तो हर्षूला. हर्षू इतका मागे होता की त्याला धडकायला आजूबाजूला कोणी नव्हतंच. कप छातीशी धरून तो ज्याला त्याला विचारत होता, "पण मी तर शेवटचा आलो ना?"

त्या दिवशी तक्रारी ऐकता ऐकता निगम साहेबांचा घसा बसला. निगम साहेब म्हणजे निवृत्त न्यायाधीश आणि तलावावरच्या आमच्या क्लबाचे अध्यक्ष. सुनावणी हा त्यांचा जीव की प्राण, पण त्या दिवशी तेही कंटाळले. यंदाचं शिबिर सुरू व्हायच्या आधी त्यांनी शिबिर घेणाऱ्या सबीहाला, पोरांच्या बाजीला म्हणजे ताईला, बोलावून घेतलं, मीठ घातलेल्या सुलेमानी चहाचा कप तिच्यासमोर सरकवला आणि म्हणाले,

"बेटी, आपली पोरं होड्या हाकतात झकास, पण भांडतात भाजीबाजारासारखी. डिसेंबरात चेन्नईची शर्यत आहे. तिथे जाऊन हेच तमाशे होणार असतील तर मी एकाही पोराला गाडीत बसवणार नाही."

"मग मी काय करू, साहेब?"

"नियम शिकव. वेगाचं नंतर बघू."

सबीहाला हे फारसं रुचलं नाही. ती याच तलावावर वाढलेली. बरीच वर्षं तिनं देशभर शर्यती मारल्या होत्या, आणि त्या वेगावर मारल्या होत्या. मग गुडघा गेला आणि ती किनाऱ्यावर आली, पण हरण्याचा राग काही गेला नाही. आजही पत्त्यांत हरली तरी तिच्या घरी रात्री भांडी आपटली जातात, असं तिची अम्मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. नियम तिला पाठ होते, पण ते कुणाला शिकवायचे असतात असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. दुपारची वेळ, पोटात पोहे-जिलबी, डोक्यावर पंखा. अर्ध्या तासात निम्मी पोरं पेंगत होती आणि उरलेली गुंजनकडे बघत होती, कारण गुंजन पुढच्या पोराच्या कॉलरीत वाळलेल्या शिंगाड्याची सालं टाकत होती.

गुंजन रायकवार ही पोरांमधली सगळ्यात वेगवान. तिच्या वडिलांची मासेमारीची नाव होती आणि तलावाच्या त्यांच्या बाजूला शिंगाड्याचे वेल. चालायला लागली तेव्हापासून ती पाण्यावर होती. गेल्या वर्षी पहिली आलेली होडी तिचीच, बाद झालेलीही तिचीच.

"गुंजन, उभी राहा. दोन होड्या समोरासमोर आल्या तर वाट कोणी द्यायची?"

"ज्याचा आवाज लहान त्यानं," गुंजन म्हणाली. "आमच्या मोहल्ल्यात तर असंच आहे, बाजी."

सगळी पोरं खदखदून हसली. एक जण तेवढा हसला नाही. कोपऱ्यात इमाद बसला होता, चौकातल्या घड्याळजीचा मुलगा. त्याचे ओठ हलताना सबीहाला दिसले.

"इमाद, काही म्हणालास का?"

त्यानं मान हलवली. नाही. पण शेजारचा हर्षू ओरडला, "बाजी, ह्यानं आख्खा नियम सांगितला! नंबरासकट!"

"मग मोठ्यानं सांग की."

इमाद लाल झाला आणि जमिनीकडे बघत बसला.

त्या संध्याकाळी सबीहानं पुस्तक कपाटात टाकलं. दुसऱ्या दिवशी पोरं आली तेव्हा अंगणाच्या एका टोकाला क्लबाचा तो राक्षसी कूलर उभा होता, घरघरत होता, आणि त्याच्यापुढे थोड्या अंतरावर एक उलटी बादली ठेवली होती. सबीहाच्या हातात जुन्या ओढण्यांचा गठ्ठा होता.

"हा कूलर म्हणजे वारा," ती म्हणाली. "ती बादली म्हणजे पाण्यातलं वळायचं पिंप. आणि तुम्ही होड्या. ओढणी हातावर घ्या, ते तुमचं शीड. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जाते का?"

"नाही!"

"मग नागमोडी चालायचं. तिरकं इकडे, तिरकं तिकडे. आणि चालताना एकच गोष्ट बघायची. वारा कुठल्या गालाला लागतो? उजव्या गालाला लागत असेल तर वाट तुमची. डाव्या गालाला लागत असेल तर सरका. कळलं?"

कळलं की नाही ते लगेच दिसलं. पहिल्या फेरीत पाच पोरं बादलीवर एकदम येऊन आदळली, बादली फुटली आणि हर्षू कूलरच्या टाकीत बसला. तो तिथून उठेचना. "बाजी, इथं फार गार आहे हो."

पण दोन दिवसांत अंगणाचा रंग बदलला. पोरं स्वतःच्या गालावर हात ठेवून चालायला लागली. "उजवा! माझा उजवा आहे! सरक!" अशा आरोळ्या रस्त्यापर्यंत ऐकू जायला लागल्या. दोघांनाही एकाच गालाला वारा लागत असेल तर वाऱ्याकडच्या वरच्यानं खालच्याला वाट द्यायची, हेही त्यांना जमलं. चूक झाली तर भांडायचं नाही, जागच्या जागी दोन गिरक्या घ्यायच्या आणि पुढे चालू लागायचं. पाण्यावर हीच शिक्षा असते. गिरक्या घेऊन घेऊन पोरांना चक्कर यायची आणि ती चालता चालता पुढच्यावर कोसळायची, मग त्याच्याही दोन गिरक्या. क्लबाची मोटरबोट चालवणारे बब्बन चाचा पायरीवर बसून हे बघायचे आणि पोट धरून हसायचे.

"काय खां," ते सबीहाला म्हणाले, "पोरांना खलाशी करतेयस का घुमणारे दरवेश?"

सगळ्यात चिवट निघाला तो पिंपाचा नियम. पिंपापासून तीन होड्यांच्या लांबीइतक्या अंतरावर एक न दिसणारी रेघ असते असं समजायचं. त्या रेघेशी पोचताना जो स्पष्ट पुढे असेल, त्याला पिंपाभोवती वळायला पुरेशी जागा द्यायची. मागच्यानं नंतर कितीही मुसंडी मारली तरी चालत नाही. मात्र रेघेशी पोचताना मागच्याचं नाक पुढच्याच्या शेपटीला ओलांडून आत आलेलं असेल, तर आतल्याला जागा. सबीहानं खडूनं अंगणात रेघ मारली, पण रेघ दिसत असताना नियम सगळ्यांनाच पाळता येतो. मग तिनं ती पुसली आणि युद्ध सुरू झालं.

"मी आत होते!"

"नव्हतीस! नंतर घुसलीस!"

"तुझे डोळे फुटलेत!"

सबीहानं दोघांनाही समोर बसवलं. गुंजन आणि हर्षू. "आता सुनावणी. गुंजन, तू हर्षूची बाजू मांड. हर्षू, तू गुंजनची."

"ह्याची बाजू? ह्याला बाजूच नाही!"

"म्हणून तर तू मांडायचीस."

गुंजन फुरफुरली, दोनदा उठली, दोनदा बसली. मग नाइलाजानं सुरू झाली, "तर मी हर्षू आहे. मी रोज दोन वेळा जिलबी खातो म्हणून हळू चालतो. पण... पण रेघेशी पोचलो तेव्हा माझ्यापुढे कोणी नव्हतं हे खरंय. गुंजन मागून आली." आणि ती थबकली. आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. तिनं सबीहाकडे बघितलं, मुकाट्यानं उठली आणि दोन गिरक्या घेतल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी अशी सुनावणी व्हायला लागली. आणि सबीहाला नवल वाटायला लागलं की पोरं भांडणाचीच वाट बघायची, पण आता भांडण संपवायलाही शिकली होती.

इमादचं मात्र काही जमेना. नियम त्याला सगळ्यांपेक्षा जास्त कळत. कुणाचं काय चुकलं ते तो बरोबर ओळखायचा, पण घशातून आवाज फुटत नसे. आणि पाण्यावर आवाज हवाच. दुसऱ्यानं नियम मोडला तर त्याच क्षणी 'प्रोटेस्ट' असं ओरडावं लागतं, तो शब्दच ठरलेला आहे. ओरडला नाहीत तर नंतर कितीही खरं सांगा, तक्रार ऐकूनसुद्धा घेत नाहीत. पोरं त्याचं 'पोटेस' करायची आणि दिवसभर ऊठसूट एकमेकांवर फेकायची. जेवताना पापड उचलला तरी पोटेस.

सबीहा त्याला एकट्याला घाटावर घेऊन गेली. बब्बन चाचांना तिनं मोटरबोट घेऊन थोडं आत उभं केलं. "ऐकू आलं की हात वर करा, चाचा."

"प्रोटेस्ट," इमाद म्हणाला.

घाटावरची बदकंसुद्धा हलली नाहीत.

"अरे, पोटातून!"

"प्रोटेस्ट!"

चाचांनी कानामागे हात धरला आणि तिकडून ओरडले, "बेटा, काही मागवायचंय का? चहा?"

इमाद हसला. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चाचांचा हात काही वर गेला नाही. सबीहानं एकदा चिडून विचारलं, "तुला हक्काचं असून मागायला लाज का वाटते?"

इमादनं पाण्यात एक खडा टाकला. मग म्हणाला, "ओरडल्यावर सगळे माझ्याकडे बघतील ना, बाजी."

सबीहाला तर आयुष्यभर सगळ्यांनी आपल्याकडेच बघावं असं वाटत आलेलं.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी शर्यत ठरली होती. आदल्या दिवशी गुंजननं खुसपट काढलं. "बाजी, तुम्ही पण उतरा ना. का घाबरता?"

"मी? तुमच्या डब्यात?" पोरांच्या होड्या लहान, पुढून चपट्या, पेटीसारख्या, सगळे त्यांना डबाच म्हणत. सबीहा अंगानं किरकोळ होती, मावली असती. पण गुडघा होता.

"गुडघ्याचं सांगू नका. काल तुम्ही भिंत ओलांडून जांभळं पाडलीत."

पोरं टाळ्या पिटायला लागली. "बाजी घाबरली! बाजी घाबरली!" निगम साहेब खुर्चीत बसून मिश्यांतल्या मिश्यांत हसत होते. सबीहानं ठरवलं, गंमत म्हणून उतरावं, पोरांच्या मागे मागे राहावं, कोण काय करतो ते जवळून बघावं.

हे ठरवलं ते किनाऱ्यावर. भोंगा वाजला, शीड ताणलं, पश्चिमेचा वारा कानात घोंगावायला लागला आणि ठरवलेलं सगळं उडून गेलं. ती शर्यतीतच होती.

वारा चांगला झोंबरा होता. पोरं सुरेख चालवत होती. ठिकठिकाणाहून "उजवा!" ऐकू यायचं आणि समोरची होडी निमूट वळायची. दोघांनी तर कुणी काही म्हणायच्या आधीच गिरक्या घेतल्या. सबीहाच्या मनात एक क्षण आनंद दाटून आला, पण दुसऱ्याच क्षणी तिला दिसलं की गुंजन सगळ्यांच्या पुढे निसटली आहे.

शेवटच्या फेरीत तलावातल्या तकिया टापू बेटाच्या अंगानं वाऱ्याबरोबर खाली येताना पुढे गुंजन, मग इमाद, मग सबीहा. गुंजन खालच्या नारिंगी पिंपाला वळसा घालून वर निघालीसुद्धा. सबीहाची नजर तिच्या शिडावर खिळली होती. गुंजन डावीकडे जाते की उजवीकडे? तिकडे वारा वाढलाय का? पुढच्या डब्यातला इमाद जरा रुंद वळला. त्याच्यात आणि पिंपात फट पडली. सबीहाच्या हातांनी तिला विचारायच्या आधीच होडीचं नाक त्या फटीत घातलं. इमाद वळता वळता अडकला, त्यानं सुकाणू उलटं ढकललं, त्याचं शीड फडफडलं आणि डबा जागीच थिजला. सबीहा आतून सटकन वळून गेली.

आणि मागून आवाज आला.

"प्रोटेस्ट!"

चिरका, फाटका, अर्धा रडवेला आवाज. पण आवाज.

सबीहानं मागे बघितलं नाही. 'मी आत होते,' ती स्वतःशी म्हणाली. 'रेघेच्या आधीच आत होते.' मग ती गुंजनच्या मागे लागली. वर जाताना दोघींचे तीन-चार वेळा रस्ते कापले गेले. शेवटी एक डाव्या बाजूची झुळूक सबीहानं पकडली आणि गुंजनच्या एक हात पुढे तिनं शेवटची रेषा ओलांडली. भोंगा वाजला. तिनं दोन्ही मुठी वर उगारल्या आणि अशी आरोळी ठोकली की घाटावर भेळ खाणारी माणसं उठून उभी राहिली.

किनाऱ्यावर येताच गुंजन पाण्यात लाथा मारत म्हणाली, "पुढच्या वेळी बघते, बाजी!" पण डोळ्यांत कौतुक होतं. पोरांनी सबीहाला पाण्यात ढकललं. ती भिजून बाहेर आली तेव्हा निगम साहेबांच्या टेबलापाशी इमाद उभा दिसला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

निगम साहेबांनी चष्मा लावला. त्यांच्या चेहऱ्यावर न्यायालय आलं होतं. "तक्रार आली आहे. सुनावणी होईल. तक्रारदार इमाद. तक्रार तुमच्याविरुद्ध, सबीहाजी." एरवी ते तिला बेटी म्हणायचे.

आतल्या खोलीत पंखा कुरकुरत होता. टेबलावर लाकडी खेळण्यातल्या होड्या आणि पिंप म्हणून एक संत्रं. साहेबांच्या दोन्ही बाजूंना क्लबाचे दोन जुने खलाशी बसले. पोरं दारात, खिडकीत, एकमेकांच्या खांद्यांवर लटकली होती.

"पहिला प्रश्न," साहेब म्हणाले. "तक्रारदारानं त्याच वेळी प्रोटेस्ट असं ओरडून सांगितलं का?"

"हो," इमाद म्हणाला.

"काय? मोठ्यानं बोला."

"हो."

"कुणी ऐकलं?" साहेबांनी दाराकडे पाहिलं. "गुंजन, तू पुढे होतीस."

"मी नाही ऐकलं," गुंजन म्हणाली. "वारा होता. आणि हा कधी ओरडतो का, साहेब?"

"बब्बन मियाँ?"

"मोटरचा आवाज होता हुजूर. खोटं कसं बोलू."

खोलीत कुजबुज झाली. ऐकलंच नसेल तर तक्रार इथेच संपत होती. इमादनं मान खाली घातली. सबीहाला एकदम ते घाटावरचे दिवस आठवले, चाचांचा वर न गेलेला हात.

"मी ऐकलं," ती म्हणाली. "स्पष्ट ऐकलं. तो ओरडला, आणि चांगला ओरडला."

इमादनं चमकून वर बघितलं. साहेबांनी मान डोलावली. "तक्रार ग्राह्य. बोला."

इमाद टेबलापाशी गेला. त्यानं एक होडी संत्र्याजवळ ठेवली, दुसरी तिच्या मागे.

"मी इथे होतो. बाजी इथे. तीन होड्यांच्या अंतरावर मी पोचलो तेव्हा बाजींचं नाक माझ्या मागे होतं. मग मी वळायला लागलो. थोडा रुंद वळलो, ती माझी चूक. पण ती जागा माझी होती. बाजी नंतर आत आल्या. मला सुकाणू उलटं टाकावं लागलं, नाहीतर आदळलो असतो. बाजींनी दोन गिरक्या घेतल्या असत्या तर..." तो घुटमळला. "तर मी काही बोललो नसतो."

एवढी वाक्यं त्याच्या तोंडून एकदम निघालेली कुणी ऐकली नव्हती. खिडकीतल्या हर्षूचा आ वासला होता.

आता सबीहा उठली. अशा सुनावण्या तिनं कितीतरी जिंकल्या होत्या. तिनं मागची होडी अर्धं बोट पुढे सरकवली. "मी इथे होते. माझं नाक त्याच्या शेपटीच्या पुढे होतं. मी आतली होडी, जागा माझी."

फक्त अर्धं बोट. सगळा खटला त्या अर्ध्या बोटाचा होता.

निगम साहेबांनी दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. "सबीहाजी, रेघेशी पोचताना तुमचं नाक पुढे होतं, हे तुम्ही पाहिलं? की तुम्हाला तसं वाटलं?"

"पाहि..." तिनं सुरुवात केली.

काय पाहिलं होतं तिनं? निळं शीड. गुंजनचं शीड, वर जाणारं. त्या क्षणी तिनं इमादकडे बघितलंच नव्हतं. 'हो, पाहिलं' म्हणायला काही लागत नव्हतं. खोलीत तिच्याविरुद्ध बोलणारं कोणी नव्हतं, एक हा पोरगा सोडला तर. आणि तिला कप हवा होता. इतका हवा होता की तिचं तिलाच हसू आलं. पोरांच्या डब्यातल्या शर्यतीचा पत्र्याचा कप!

"वाटलं," ती म्हणाली. "मी गुंजनकडे बघत होते. मला खात्री नाही."

"इमाद, तुला खात्री आहे?"

"हो साहेब. मी मागे वळून पाहिलं होतं. रेघेशी पोचलं की मी नेहमी वळून पाहतो."

"आणि समजा शंका असेल, तर नियम काय म्हणतो?"

प्रश्न इमादला होता. पण दारातून, खिडकीतून, खांद्यांवरून सगळी पोरं एका सुरात ओरडली, "शंका असेल तर नंतर घुसला असंच धरायचं!"

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "शांतता! हे न्यायालय आहे का मदरशाची सुट्टी?" पण मिश्या हलत होत्या. "निर्णय. सबीहाजींची होडी बाद. पहिली गुंजन, दुसरा इमाद."

पोरांनी इमादला उचललं. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो लालबुंद होऊन हसत होता. सबीहाला मात्र हरल्याचा तो जुना राग आलाच. तिनं ओळखलं त्याला. आज हा राग आणि हसू दोन्ही एकत्र आली होती, आणि कुठलं खरं हे तिला ठरवता येईना. ती पोरांच्या गर्दीत घुसली आणि इमादच्या डोक्यावर टपली मारली. "मागे वळून बघायला कुणी शिकवलं रे तुला?"

"कुणी नाही," इमाद म्हणाला. "पुस्तकात पण नाही ते."

सगळे आनंदात, एक गुंजन सोडून. ती पायरीवर कप ठेवून त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"काय ग? जिंकलीस ना?"

"खोलीत जिंकले," ती फणकारली. "पाण्यावर तुम्ही पुढे होतात. मला असा कप नको."

"खोलीसुद्धा शर्यतीचाच भाग आहे."

"असेल. तरी नको. चला, आत्ता. दोघीच. एक फेरी."

सबीहानं आकाशाकडे बघितलं. ऊन कलत होतं. मागून बब्बन चाचा म्हणाले, "बेटी, संध्याकाळी मगरिबच्या अजानबरोबर वारा बसतो. चाळीस वर्षं बघतोय. जाऊ नका."

दोघी गेल्या. इमादला त्यांनी पंच म्हणून मोटरबोटीत बसवलं, गळ्यात शिट्टी घालून. वरच्या पिंपापर्यंत दोघी खांद्याला खांदा लावून गेल्या. तिथे गुंजननं उजव्या गालाचा वारा साधून सबीहाला वाट द्यायला लावली आणि पुढे निघाली. मोटरबोटीतून इमाद ओरडला, "बरोबर आहे! गुंजनची वाट!" इतक्या मोठ्यानं, की चाचांनी हसत हात वर केला.

मग पलीकडच्या मशिदींतून एकामागून एक अजान उठली आणि वारा बसला. चाचांचा शब्द खरा झाला. शिडं लुळी पडली, पाणी तुपासारखं झालं आणि दोन डबे तलावाच्या मधोमध उभे राहिले.

"हाताने वल्हवलं तर?" गुंजननं विचारलं.

"नियमात बसत नाही."

"माहितीय. विचारून बघितलं."

दोघी होडीच्या काठावर पाय सोडून बसल्या. गुंजननं खिशातून वाळवून भाजलेले शिंगाडे काढले आणि निम्मे सबीहाच्या होडीत फेकले. पश्चिमेकडे आकाश केशरी झालं होतं.

"बाजी, तुम्ही 'पाहिलं' म्हणाला असतात तर?"

"तर कप माझ्याकडे असता."

"मग का नाही म्हणालात?"

सबीहानं शिंगाडा सोलला. खरं उत्तर तिलाही पुरतं ठाऊक नव्हतं. "पाहिलं नव्हतं म्हणून," ती शेवटी म्हणाली. गुंजननं मान हलवली, जणू एवढं तिला पुरेसं होतं.

चाचांनी दोन्ही डबे दोरानं बांधून ओढत आणले तेव्हा निगम साहेब घाटावर उभे होते. "सबीहा बेटी," ते म्हणाले, "चेन्नईची तिकिटं उद्याच काढायला सांगतो. जी पोरं आपल्या मास्तरणीला बाद करतात, ती कुठेही चालतील."

डिसेंबरात पोरं चेन्नईला गेली. समुद्र त्यांना नवा होता, लाटांनी हर्षूला दोनदा उलट्या झाल्या. गुंजन पहिल्या दहांत आली आणि परत येईपर्यंत गाडीत फुगून बसली. बाद मात्र एकही झाला नाही. इमादनं दोन तक्रारी केल्या, एक जिंकला, एक हरला. हरल्यावर काय केलंस असं सबीहानं विचारलं तेव्हा म्हणाला, "काही नाही. तो मुलगा बरोबर होता. माझ्या नजरेतून सुटलं होतं. मग आम्ही दोघांनी डोसा खाल्ला."